पूर्वेकडे तोंड करून घेतलेले फ्लॅट

या विश्वात संपूर्णपणे सपाट अशी एकही गोष्ट नाही. समुद्र सपाट नाही, वाळवंट सपाट नाही, मोठ्या ताऱ्याजवळ म्हणे अवकाशसुद्धा वाकतं, आणि माणसाच्या मनाबद्दल तर बोलायलाच नको. हे चिंतन एखाद्या दाढीवाल्या तत्त्वज्ञाला सुचलं असतं तर त्यावर परिसंवाद झाले असते. ते सुचलं सपाटरावांना, वेधशाळेच्या लोखंडी जिन्यावर पाय मुरगळल्यावर. शेजारी उभ्या असलेल्या सुताराला त्यांनी ते ऐकवलं, तेव्हा सुतार म्हणाला की पायरी गेल्या वर्षापासून तशीच आहे, अर्ज करा.

सपाटराव हे अर्थात पाळण्यातलं नाव नव्हे. वेधशाळेत त्यांचं काम फोटो सपाट करायचं, आणि बोलणंही तसंच. आनंदाची बातमी आणि निधनाची बातमी ते एकाच पट्टीत देत, त्यामुळे ऐकणाऱ्याला चेहरा कसा करावा हे शेवटच्या शब्दापर्यंत ठरवता येत नसे. वय पस्तिशीचं, राहणं भाड्याच्या एका खोलीत, व्यसन काही नाही.

आता त्यांचं काम काय ते नीट सांगायला हवं, नाहीतर पुढचा घोटाळा लक्षात यायचा नाही. दुर्बिणीच्या टोकाला कॅमेरा असतो आणि कॅमेऱ्याच्या पोटात सीसीडी नावाची चिप. या चिपवर लाखो बारीक बारीक घरं असतात. उजेड पडला की प्रत्येक घर तो आपापल्या कुवतीप्रमाणे गोळा करतं, आणि सगळी घरं काही सारखी कष्टाळू नसतात. त्यात दुर्बिणीच्या नळीमुळे कोपऱ्यांपर्यंत उजेड कमी पोचतो. शिवाय काचेवर धूळ बसलेली असते. तिच्या सावल्या फोटोत गोल गोल उमटतात, टेबलावर ओला कप ठेवल्यावर उमटतात तशा. एकूण काय, आकाशाचा फोटो मध्ये उजळ, कडेला मळकट आणि अधूनमधून कपाचे डाग असा निघतो. अशा फोटोवरून कुठला तारा किती तेजस्वी हे ठरवणं म्हणजे खिडकीजवळ बसलेल्या मुलाला हुशार आणि खांबाआड बसलेल्याला ढ ठरवण्यासारखं आहे.

यावर उपाय असा, की जिच्यावर सगळीकडे सारखा उजेड आहे अशी एखादी वस्तू गाठून तिचा फोटो काढायचा. सूर्य मावळल्यावर थोडा वेळ आकाश तसं असतं. तेव्हा दुर्बीण पाठमोरी, म्हणजे पूर्वेकडे, वळवायची आणि रिकाम्या आकाशाचे पाचसहा फोटो घ्यायचे. त्यात काहीही नसतं. काहीही नसलेल्या जागी जे काही दिसेल, ती सगळी आपल्या उपकरणाची खोट. मग खऱ्या फोटोला या रिकाम्या फोटोने भागलं की खोट निघून जाते. लवकर घेतला तर हा फोटो उजेडाने जळतो, उशिरा घेतला तर त्यात तारे उगवतात. मधल्या थोड्या वेळात उरकावं लागतं.

या रिकाम्या फोटोला धंद्यात फ्लॅट म्हणतात. जेवलात का, असं इतरत्र विचारतात त्या सुरात वेधशाळेत संध्याकाळी विचारलं जातं: फ्लॅट घेतलेत का?

सपाटरावांची अक्कलदाढ दुखू लागली, त्यातून त्यांची डॉक्टरशी ओळख झाली. ही दातांची डॉक्टर. खगोलवाला म्हटल्यावर हात पुढे करून भविष्य विचारणारी माणसं त्यांनी पुष्कळ पाहिली होती. ही पहिलीच, जिने फक्त "आ करा" एवढंच म्हटलं. दाढ काढून झाली तरी ते तपासणीला जात राहिले. शेवटी डॉक्टरनेच सांगितलं की तुमच्या तोंडात आता बघण्यासारखं काही उरलेलं नाही, तेव्हा आपण बाहेर कुठेतरी भेटू.

भेटले, फिरले, लग्न करायचं ठरलं. म्हणजे दोघांचं ठरलं. डॉक्टरच्या आईचं ठरायचं होतं.

आईंना सगळे बाई म्हणत. बाई परीक्षा मंडळात मॉडरेटर होत्या. हजारो पेपर शेकडो परीक्षक तपासतात. त्यातला कोण हात आखडता घेतो आणि कोण घरच्या कार्यात वाढल्यासारखे मार्क वाढतो, हे शोधून सगळ्यांना एका पातळीवर आणायचं, हे त्यांचं काम. निवृत्त झाल्यावर पेपर थांबले, मॉडरेटरपणा थांबला नाही. त्याचा सगळा भार मुलीला सांगून येणाऱ्या स्थळांवर आला. इंजिनिअर चावताना आवाज करतो म्हणून नापास. वकील प्रश्न संपायच्या आधी उत्तर देतो म्हणून नापास. पायलट सतत घराबाहेर राहणार म्हणून नापास, आणि बँकेतला अधिकारी रोज साडेपाचला घरी येऊन बसणार म्हणून.

सपाटरावांचा निकाल राखून ठेवला होता. मुलगा बरा आहे, पण स्वतःचं घर नाही, एवढाच शेरा. बाईंचा संसार भाड्याच्या घरांतून झाला होता, आणि दर घर सोडताना भिंतीतले खिळे काढून भोकं बुजवून द्यायचं काम त्यांच्याकडे असे. मुलीने ती भोकं बुजवू नयेत, यापलीकडे त्यांचं मागणं नव्हतं. डॉक्टरनेही सपाटरावांना स्पष्ट सांगितलं होतं की आईच्या हो शिवाय मी लग्न करणार नाही. घाबरते म्हणून नव्हे. आई रुसली तर ती माझ्याचकडे येऊन रुसणार आहे.

सपाटरावांना हे लग्न हवं होतं. किती हवं होतं हे त्यांच्या चेहऱ्यावरून कळायला मार्ग नव्हता, पण ते दर रविवारी इस्त्रीचा शर्ट घालून बाईंकडे चहाला जात आणि साखर घातलेला चहा पीत. त्यांना साखर चालत नसे.

अशाच एका रविवारी त्यांना वेधशाळेच्या संचालकांचा फोन आला. संचालक सुट्टीच्या दिवशी कामाचे फोन करत, कारण घरी त्यांच्याशी कोणी बोलत नसे. सपाटराव फोन घेऊन गॅलरीत गेले. गॅलरीला लागून स्वयंपाकघराची खिडकी, आणि खिडकीत बाई कप विसळत होत्या. त्यांना या बाजूचं तेवढं ऐकू आलं.

"हो, कालच घेतले," सपाटराव म्हणाले. "सहा घेतले."

बाईंनी नळ बंद केला.

"नाही नाही, सगळे पूर्वेकडे तोंड करून. पश्चिमेचे मी घेतच नाही." मग जरा थांबून, "परवाचे दोन जळाले. चालायचंच. घाई केली की होतं तसं."

बाईंच्या हातातला कप हातातच राहिला. दोन फ्लॅट जळाल्याचं हा माणूस छत्री हरवल्यासारखं सांगत होता.

"एकात कबूतर घुसलं होतं. असू दे, सरासरीत निघून जाईल. गेल्या वर्षीचे? ते आता काय कामाचे. काढून टाकू सगळे, उगाच जागा अडवून बसलेत. उद्या हवा बरी असली तर आणखी घेतो."

सपाटराव आत आले तेव्हा टेबलावर पाहुण्यांचे कप मांडलेले होते आणि बिस्किटांच्या डब्यातली वरची, क्रीमची ओळ उघडी झाली होती. "बसा ना," बाई म्हणाल्या. आजवर त्या त्यांना अरे-तुरे करत. सपाटरावांना वाटलं, शर्टाचा रंग आवडला असावा.

बाईंनी त्यांना तिथेच विचारलं असतं तर पुढचं काहीच घडलं नसतं. पण मॉडरेटर विद्यार्थ्याशी थेट बोलत नाही. दुसऱ्या परीक्षकाचं मत मागवतो. बाईंनी रात्रीच्या आत भावाला फोन केला.

हे डॉक्टरचे मामा. मामा जागांचे दलाल. शहरात कुठल्या इमारतीची कुठली खिडकी नीट लागत नाही हे त्यांना तोंडपाठ होतं, आणि एका दमात सहा फ्लॅट घेणारा माणूस या शहरात वावरतो आणि आपल्याला पत्ता नाही, या कल्पनेनेच त्यांची झोप उडाली. त्यांनी दोन दिवस चौकशी केली. सपाटरावांचं नाव एकाही दलालाने ऐकलेलं नव्हतं. याचा अर्थ मामांनी असा काढला की गडी फार वरचा आहे. छोटी माणसं गाजावाजा करतात. हा इस्त्रीचा एकच शर्ट घालतो.

तिसऱ्या दिवशी मामांनी त्यांना बस स्टॉपजवळच्या चहाच्या दुकानात गाठलं. हवापाण्याच्या गोष्टी झाल्या. मग मामांनी बशी बाजूला सारली आणि मुद्द्याला हात घातला.

"ऐकतो, फ्लॅट घेता."

सपाटरावांना बरं वाटलं. होणाऱ्या सासरचं कोणीतरी प्रथमच त्यांच्या कामाबद्दल विचारत होतं. "घेतो. रोजच."

"रोज."

"ढग नसले तर."

मामांनी मान डोलावली. धंद्यात ढग येतात हे त्यांना दुसऱ्या कोणी सांगायची गरज नव्हती. "आणि घेऊन करता काय? विकता?"

"कोण घेणार ते? सहा जमले की एकत्र करतो. सहांचा मिळून एक मास्टर फ्लॅट होतो."

मामांच्या डोळ्यांसमोर भिंती पडू लागल्या. "परवानगी लागत असेल."

"छे. संचालकांनासुद्धा विचारत नाही."

"आणि यात भागतं?"

"यानेच तर भागतं," सपाटराव म्हणाले. भागाकार हा त्यांचा जिव्हाळ्याचा विषय. "फ्लॅट नसेल तर कोपऱ्यात काळंबेरं राहतं."

मामांनी आजूबाजूला पाहिलं आणि आवाज खाली आणला. "ते सगळ्यांचंच असतं हो. मनावर घेऊ नका."

चहाचं बिल मामांनी हट्टाने दिलं. जाताना त्यांनी सपाटरावांचा हात दोन्ही हातांत धरला आणि पुढच्या वेळी घेताना आम्हालाही बोलवा, पाठीशी उभे राहू, असं सांगितलं. सपाटराव म्हणाले, पाठीशी नको, सावली पडते. हे वाक्य मामांनी पुढे कितीतरी जणांना मोठ्या माणसाचं वाक्य म्हणून ऐकवलं.

त्याच संध्याकाळी बाईंनी लेकीला निकाल सांगितला. पास. नुसता पास नाही, डिस्टिंक्शन. साधा मुलगा आहे, एवढं असून एका खोलीत राहतो, आणि पूर्वेचंच घेतो, म्हणजे उजेडाची पारख आहे. डॉक्टरला आधी काहीच उमगलं नाही. मग कबुतराचा भाग आला तेव्हा उमगलं. फिरायला जाताना सपाटरावांनी तिला फ्लॅटबद्दल जे जे सांगितलं होतं त्यात कबुतरांचा त्रास हे एक स्वतंत्र प्रकरण होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिने त्यांना दवाखान्यात बोलावून घेतलं आणि सवयीने खुर्चीत बसवलं.

"आईला वाटतंय तुझ्याकडे सहा फ्लॅट आहेत."

"सहा कसे असतील? सरासरी काढली की एकच राहतो," सपाटराव म्हणाले. मग त्यांच्या लक्षात यायला सुरुवात झाली. ही सुरुवात बराच वेळ चालली. गॅलरी, क्रीमची बिस्किटं, मामांनी धरलेले दोन हात, सगळं एकेक करून जागेवर बसलं.

"मी सांगून टाकतो," ते म्हणाले.

"थांब जरा. ती हो म्हणालीये. इतक्या वर्षांत ती पहिल्यांदा कुणाला हो म्हणालीये. लग्नाच्या सह्या होईपर्यंत तोंड उघडू नकोस, मग मी बघते तिच्याकडे."

त्या खुर्चीत बसलेल्या माणसाला तोंड उघडू नकोस असं तिने धंद्यात प्रथमच सांगितलं होतं. तिचं तिलाच हसू आलं. सपाटराव हसले नाहीत.

"फ्लॅट न लावलेला फोटो मी कुणाला दाखवत नाही."

"हे लग्न आहे. फोटो नाहीये."

"म्हणून तर. फोटो परत घेता येतो."

"आणि ती नाही म्हणाली तर?"

"तर निकाल लागला, असं होईल," सपाटराव म्हणाले. नेहमीच्याच पट्टीत. पण चूळ भरायच्या भांड्याची कड त्यांनी एवढी घट्ट धरली होती की बोटांची टोकं पांढरी पडली होती. डॉक्टरने चेहऱ्याकडे न बघता बोटांकडे पाहिलं. धंद्यात तिला तेच शिकवलेलं होतं. दुखतंय का, याचं खरं उत्तर पेशंटचा हात देतो.

"बरं," ती म्हणाली. "पण फोनवर सांगू नकोस, काहीतरी बोलशील आणि सातवा फ्लॅट निघेल. तिला तिकडे बोलाव. डोळ्यांनी बघू दे. मी पण येते."

सपाटरावांनी बाईंना फोन केला आणि म्हणाले, फ्लॅट बघायला या, संध्याकाळी या, संध्याकाळीच नीट दिसतात. याहून वेगळे शब्द त्यांच्या भाषेत उपलब्ध नव्हते.

बाई कपाटातले ठेवणीतले कपडे घालून आल्या. मामा मोजपट्टी घेऊन आले. वेधशाळा गावाबाहेरच्या टेकडीवर; रस्ता संपतो तिथे एक फाटक, पुढे घुमट, आणि घुमटात चढायला तो लोखंडी जिना. मामांनी घुमटाला बाहेरून एक फेरी मारली, भिंतीवर टकटक केलं, आणि गोल बांधकामात फर्निचर बसत नाही असं मत दिलं. पार्किंग मात्र त्यांना आवडलं.

आत तेलाचा आणि थंड लोखंडाचा वास होता. सूर्य नुकताच मावळला होता. सपाटरावांनी बटण दाबलं, छताची झडप कुरकुरत सरकली, दुर्बीण सावकाश वळून पूर्वेच्या निळसर, काहीही नसलेल्या तुकड्याकडे तोंड करून थांबली. कॅमेऱ्याने खट्ट केलं. टेबलावरच्या पडद्यावर एक चौकोन उमटला. राखाडी. मध्ये जरा उजळ, कोपऱ्यांत अंधारा, दोनचार ठिकाणी फिकी वर्तुळं.

"हा फ्लॅट," सपाटराव म्हणाले.

बाईंनी चष्मा लावला. पडद्याजवळ गेल्या, लांब आल्या, परत जवळ गेल्या.

"यात खोल्या कुठे आहेत?"

"खोल्या नाहीत, बाई. घरं आहेत. चाळीस लाख."

मामा संचालकांच्या खुर्चीत बसले. तिथे तेवढीच खुर्ची होती. पण बसल्या बसल्या त्यांची व्यावसायिक नजर पडद्यावर फिरली आणि खालच्या उजव्या कोपऱ्यावर येऊन थांबली.

"ओल आहे," ते म्हणाले.

"तो नळीमुळे पडलेला अंधार आहे."

"नळच गळत असणार. आणि ही गोल गोल काय? वरच्यांनी बाथरूम नीट केलेलं नाही."

"ती धूळ आहे, मामा."

"सगळे असंच सांगतात," मामा म्हणाले.

मग सपाटराव पडद्यासमोर उभे राहिले आणि त्यांनी सगळं सांगितलं. माझं स्वतःचं घर नाही. भाड्याची एक खोली आहे, तिची खिडकी पश्चिमेला उघडते. फ्लॅट म्हणजे हे; रिकाम्या आकाशाचे फोटो. जळले तेही फोटो, कबूतर शिरलं तेही फोटोत. काढून टाकले ते संगणकावरचे जुने, तिथली जागा अडत होती. तुमचा गैरसमज झाला हे मला काल दुपारी कळलं. हे सगळं त्यांनी हवामानाचा अंदाज वाचावा तसं म्हटलं. मामांनी हातातली मोजपट्टी हळूच खिशात घातली. डॉक्टर जिन्याच्या कठड्याला टेकून उभी होती, ती सरळ झाली. दुर्बिणीखालची मोटर घरघरत राहिली.

बाईंनी पडद्याकडे एकदा पाहिलं. मग म्हणाल्या, "परत सांग."

अहो-जाहो संपलं होतं. सपाटरावांनी विचारलं, "कुठून सांगू?"

"आकाशात काही नाही, मग फोटो कशाला काढतोस, ते सांग."

सपाटरावांनी सांगितलं. सगळ्या घरांना सारखा उजेड दाखवायचा आणि कोण किती कमी नोंदवतं ते बघायचं. ज्यानं कमी नोंदवलं त्याची खोट तेवढी. आधी आपली खोट माहीत करून घ्यायची, मग ताऱ्यांकडे बघायचं.

"रोज?"

"रोज. धूळ रोज नवीन बसते."

बाईंनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "आम्ही सगळ्या परीक्षकांना एकच पेपर तपासायला द्यायचो," त्या म्हणाल्या. "गुपचूप. एकच पेपर, झेरॉक्स काढून. एकानं बासष्ट दिले, एकानं अडतीस. मुलगा तोच, अक्षर तेच."

"मग?" सपाटरावांनी विचारलं. त्यांचं लग्न मोडण्याच्या बेतात होतं, तरी त्यांना हे खरोखरच जाणून घ्यायचं होतं.

"मग अडतीसवाल्याकडच्या सगळ्या मुलांचे मार्क त्या प्रमाणात गुणून वाढवायचे."

"भागून."

"गुणून. वाढवायचे म्हटल्यावर भागेल कोण?"

"एकाहून लहान आकड्याने भागलं की वाढतात, बाई."

"ते मला शिकवतोस?"

यावर दोघांचं जुंपलं. बाईंनी टेबलावरचा एक रिकामा कागद ओढला, सपाटरावांनी पेन दिलं, बाईंनी ते लिहीत नाही म्हणून झटकलं आणि स्वतःच्या पर्समधलं लाल काढलं. बाई गुणत होत्या, सपाटराव भागत होते, आणि दोघांची उत्तरं तीच येत होती. याचा दोघांनाही थोडा राग आला. मामांनी भाचीकडे बघून हे काय चाललंय अशा अर्थाचा हात फिरवला. डॉक्टरने खांदे उडवले. तिच्या आईने निवृत्तीनंतर इतका वेळ एका माणसाशी भांडल्याचं तिला आठवत नव्हतं.

उत्तर जुळल्यावर बाई पडद्याकडे वळल्या आणि त्या अंधाऱ्या कोपऱ्याकडे बघत उभ्या राहिल्या. मग बोटं मोजू लागल्या.

"इंजिनिअर. वकील. पायलट. तो बँकवाला."

"आई, इंजिनिअर खरंच आवाज करायचा," डॉक्टर म्हणाली.

"तू मध्ये बोलू नकोस. तो आवाज करायचाच. पण एखाद्या परीक्षकाच्या गठ्ठ्यात एकही मुलगा पास होत नसेल, तर आम्ही मुलांना बोलावत नव्हतो. परीक्षकाला बोलवायचो."

घुमटात परीक्षक एकच होता आणि तो स्वतःहून आलेला होता.

"तुझी डिस्टिंक्शन काढून घेतली आहे," बाई सपाटरावांना म्हणाल्या. "घर नाही ते नाहीच. माझ्या हिशेबाने तू नापास आहेस. पण माझा हिशेब सगळ्यांनाच नापास करतो असं दिसतंय. तेव्हा ग्रेस देऊन पास."

"धन्यवाद," सपाटराव म्हणाले. पट्टी तीच होती. डॉक्टर पुढे आली आणि आईच्या खांद्यावर हनुवटी ठेवून उभी राहिली. बाईंनी तिला भार टाकू नकोस, जिना चढून पाय भरलेत, असं सांगितलं, पण खांदा काढून घेतला नाही.

सपाटराव वळून कामाला लागले, कारण दुसरं काय करावं त्यांना सुचेना. त्यांनी पाच फ्लॅट घेतले. हा माणूस या कामात कधी चुकला नव्हता; नवीन भरती झालेल्यांना त्यांचं उदाहरण देत. त्या संध्याकाळच्या त्यांच्या पाचही फ्लॅटमध्ये तारे उगवलेले होते, शेवटच्यात तर कॅमेऱ्यासमोरची झाकणीही अर्धी मिटलेली होती. डॉक्टरने विचारलं, बरे आलेत का. सपाटराव म्हणाले, फार छान आलेत.

खाली उतरताना मामा मागे रेंगाळले. गेले काही दिवस त्यांनी बरीच स्वप्नं रंगवली होती आणि ती पुसायला वेळ लागत होता. एका भाडेकरूच्या चहाचं बिल आपण दिलं, हे त्यांना विशेष लागलं होतं. पण जिन्याच्या शेवटच्या पायरीशी येईपर्यंत त्यांचा चेहरा खुलला, कारण त्यांच्या लक्षात एक गोष्ट आली, जी बाकी तिघांपैकी कोणाच्याच आली नव्हती.

"पण मग तुम्ही दोघं राहणार कुठे?" त्यांनी विचारलं.

लग्न सह्या करून झालं. सपाटरावांनी सही केली आणि अधिकाऱ्याला शाई सगळीकडे सारखी उमटलेली नाही हे दाखवून दिलं. घर मामांनी पाहून दिलं. हवेशीर आहे, दवाखान्याला जवळ आहे, मालक भला आहे, भिंतीत खिळे मारायला बंदी असल्याने पुढे भोकं बुजवायचा प्रश्न नाही, असं बरंच काही त्यांनी एका दमात सांगितलं.

घर तळमजल्यावर आहे, समोर गोदामाची भिंत आहे, आणि त्यातून आकाश दिसत नाही.